अकराव्या वचनाच्या आधी दहावे वचन असते

सल्ला सदर : शास्त्राभ्यास

पत्र : "आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी दहा-बारा जण शास्त्राभ्यासाला जमतात. बहुतेक बायका, दोन तरुण मुले आणि एक निवृत्त गुरुजी. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर मंडळीत वचनांची कार्डे वाटली, त्यात मला यिर्मया 29:11, 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत', हे आले. माझ्या मुलाची नोकरी गेली आहे, म्हणून ते वचन मी घट्ट धरून ठेवले. गेल्या महिन्यात गुरुजी म्हणाले, हे वचन बाबेलातल्या यहूद्यांना दिलेले आहे, आपल्याला नाही. त्यावर एक भगिनी म्हणाल्या, पवित्र आत्मा ज्याला जे दाखवतो तोच त्याच्यासाठी अर्थ. वाद वाढला आणि दोघी यायच्या बंद झाल्या. आमच्यात सेमिनरीत शिकलेले कोणी नाही, इंग्रजी पुस्तके वाचता येत नाहीत. मग आम्ही बायबलचा अर्थ लावायचा तरी कसा? आणि त्या वचनावर मी विसंबू की नको?" — एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

ख्रिस्तात प्रिय भगिनी, सलाम.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण घरात मुलाची नोकरी गेलेली असताना बाकीचे प्रश्न मागे पडतात. त्या वचनावर जरूर विसंबा. मात्र कार्डावरची ओळ ज्या पत्रातून उचलली आहे ते पत्र आधी सबंध वाचा. यिर्मयाच्या 29व्या अध्यायाचा बहुतेक भाग म्हणजे खरोखरीच एक पत्र आहे, आणि कोणाचेही पत्र मधली एक ओळ वाचून कळत नाही.

आज रात्री यिर्मया 27, 28 आणि 29 हे तीन अध्याय सलग आणि मोठ्याने वाचा. अर्ध्या तासात होतात. वाचताना कागदावर चारच गोष्टी टिपा : कोण बोलतो, कोणाशी बोलतो, केव्हा बोलतो आणि त्याआधी काय घडले आहे. अर्थ लिहायचा मोह आवरा.

तुमच्या कागदावर साधारण हे उतरेल. इ.स.पूर्व 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले आणि राजा यकन्या, राजमाता, दरबारी, कारागीर, लोहार अशा कर्त्या लोकांना धरून नेले (29:2, 2 राजे 24:14-16). मंदिर अजून उभे आहे, ते इ.स.पूर्व 586 च्या सुमारास पडेल. मागे उरलेल्यांवर सिद्कीया राज्य करतो आहे. नेलेले लोक परक्या मुलखात एकच गोष्ट विचारताहेत : आम्ही परत कधी जाणार? त्याची दोन उत्तरे फिरताहेत. गिबोनचा हनन्या मंदिरात सर्वांसमक्ष सांगतो की दोन वर्षांत राजा, लोक आणि मंदिराची पात्रे सगळे परत येईल (28:3-4). यिर्मया म्हणतो, सत्तर वर्षे (29:10). म्हणूनच त्याच्या पत्रात आधी घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित चिंता आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा, असे येते (29:5-7). मग संदेष्टे आणि स्वप्ने सांगणारे यांना भुलू नका, असा इशारा येतो (29:8-9). मग सत्तर वर्षांचा आकडा. आणि त्याच्या पाठोपाठ अकरावे वचन : तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत.

आता हिशेब करा. पत्र ऐकणारा माणूस तिशीचा असेल तर सत्तर वर्षांनी तो शंभर वर्षांचा होणार. म्हणजे हे वचन ज्यांनी कानांनी ऐकले त्यांच्यापैकी बहुतेक जण बाबेलातच मातीआड जाणार होते. इ.स.पूर्व 539 मध्ये बाबेल पडले आणि पारसाचा राजा कोरेश याने परतीची मोकळीक दिली (एज्रा 1:1-4), तेव्हा वाटेला लागले ते मुख्यतः मुले आणि नातवंडे. (सत्तर वर्षे नेमकी कुठून मोजायची यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मंदिर पडल्यापासून इ.स.पूर्व 516 च्या सुमारास ते पुन्हा उभे राहीपर्यंत मोजली तर सत्तर भरतात. बाबेलची सत्ता चालू झाल्यापासून ती पडेपर्यंत मोजली तर जवळपास सत्तर होतात. गुरुवारच्या सभेत यावर वेळ घालवू नका.)

कार्डाची अडचण इथे आहे. दहावे वचन गाळून अकरावे छापले की वाचणाऱ्याला वाटते, हे वर्ष सरायच्या आत देव सगळे मार्गी लावील. हे म्हणणे हनन्याचे होते. शब्द यिर्मयाचे आणि संदेश हनन्याचा, अशी गल्लत त्या छोट्या कार्डावर होऊन बसते, आणि कार्ड वाटणाऱ्या भल्या माणसांच्या ते ध्यानीमनीही नसते. यिर्मयाला स्वतःला लवकरची सुटका नको होती असे नाही. हनन्याचे बोलणे ऐकून तो आधी म्हणाला, आमेन, परमेश्वर तसेच करो (28:6). पण आपल्याला काय हवे आहे आणि देव काय बोलला आहे, या दोन गोष्टी त्याने एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. बायबल वाचणाऱ्याला सर्वांत आधी हेच शिकावे लागते, आणि दुःखात असताना ते फार जड जाते.

पुढे 29:16-19 वाचा. त्याच पत्रात, यरुशलेमात मागे राहिलेल्यांसाठी तलवार, दुष्काळ आणि मरी यांचा इशारा आहे. म्हणजे त्या काळीसुद्धा अकरावे वचन सरसकट प्रत्येक यहूद्याला दिलेले नव्हते. ज्याने त्याने आपले नाव त्यात भरावे, अशी मोकळी जागा तिथे नाही.

मग गुरुजींचे बरोबर आहे का? पहिल्या पायरीपुरते पूर्ण बरोबर आहे. हे वचन आधी बाबेलातल्या बंदिवानांचे आहे. पण तिथेच थांबले तर यिर्मया इतिहासाच्या पुस्तकात जमा होतो. पूर्वी जे लिहिले गेले ते आपल्या शिक्षणासाठी, आपल्याला आशा मिळावी म्हणून लिहिले, असे पौल रोमकरांस 15:4 मध्ये सांगतो. पेत्र तर ख्रिस्ती मंडळ्यांनाच परदेशवासी आणि प्रवासी म्हणतो (1 पेत्र 1:1, 2:11) आणि पत्राच्या शेवटी 'बाबेल'मधून सलाम पाठवतो (5:13). देवाची अभिवचने किती का असेनात, ख्रिस्तामध्ये त्यांना होकार आहे, असे 2 करिंथकरांस 1:20 सांगते. या वाटेने यिर्मयाचे पत्र आपल्यापर्यंत पोचते. ही वाट ओलांडून सरळ कार्डावर उडी घेतली की अर्थ हातचा जातो.

त्या वाटेने आपल्या हाती काय लागते? लांबलेल्या संकटात देव आपल्या लोकांना विसरत नाही. वाट पाहताना संसार थांबवायचा नसतो. ज्या गावात राहतो त्या गावाचे भले करायचे आणि त्याच्यासाठी प्रार्थना करायची. आणि मन लावून मला शोधाल तर मी तुम्हांला सापडेन, हे 29:12-13 मधले आश्वासन, जे कार्डावर सहसा येत नाही. काय लागत नाही? सत्तरचा आकडा, ठरावीक तारीख आणि नोकरी. डिसेंबरच्या आत मुलाला काम मिळेल असे या वचनात कुठेही लिहिलेले नाही, आणि तसे मानून बसलात तर जानेवारीत तुमच्या मनात देवाविषयीच शंका येईल. मुलासाठी रोज प्रार्थना करा, त्याला अर्ज करायला लावा, ओळखीच्या चार माणसांना शब्द टाकायला सांगा. पत्रातल्या 'घरे बांधा, मळे लावा' या आज्ञेला हे धरूनच आहे. कार्ड फाडून टाकायची गरज नाही. पेनाने त्यावर '29:4-14 वाचावे' एवढे लिहून ठेवा.

त्या भगिनींच्या म्हणण्यातही खरे काही आहे. पवित्र आत्म्याच्या साहाय्यावाचून वचन कानावर पडते, काळजाला लागत नाही. पण ज्या आत्म्याने यिर्मयाकडून एक अर्थ लिहवून घेतला तोच आत्मा आज त्याच्या उलट अर्थ दाखवील, हे होणार नाही. शास्त्रातील कोणताही संदेश कोणा एकाच्या मनाप्रमाणे उलगडायचा नसतो, असे 2 पेत्र 1:20-21 बजावते. आणखी एक दाखला नेहमी डोळ्यांपुढे ठेवा. मत्तय 4:6 मध्ये सैतान स्तोत्र 91:11-12 म्हणून दाखवतो, तेही जवळजवळ जसेच्या तसे. प्रभू येशू त्याला अनुवाद 6:16 ने उत्तर देतो. म्हणजे वचन पाठ असणे आणि वचन जागेवर वापरणे यांत अंतर आहे. सभेत कोणी 'प्रभूने मला दाखवले' असे म्हणाले की त्यांना खोडून काढू नका. शांतपणे एवढेच विचारा : 'या उताऱ्यातल्या कोणत्या शब्दांतून दाखवले?' शब्द सांगता आला तर चर्चा पुढे जाते. सांगता आला नाही तर ती त्यांची साक्ष म्हणून ऐका आणि उताऱ्याकडे परत या. बिरुयातल्या लोकांनी खुद्द पौलाचे म्हणणेसुद्धा दररोज शास्त्रात पडताळून पाहिले, आणि त्याबद्दल त्यांची थोरवीच सांगितली आहे (प्रेषितांची कृत्ये 17:11).

यापुढे प्रत्येक गुरुवारी तीन प्रश्न याच क्रमाने घ्या : काय लिहिले आहे? ज्यांना लिहिले त्यांना त्यातून काय सांगायचे होते? आणि आता आपण काय करायचे? दीड तासाची सभा असेल तर पहिल्या प्रश्नाला चाळीस मिनिटे, दुसऱ्याला पंचवीस, तिसऱ्याला पंधरा, आणि उरलेली दहा प्रार्थनेला. वाटपात पहिला वाटा एवढा मोठा का, असे वाटेल. बहुतेक गटांत उलटे होते : उतारा दोन मिनिटांत वाचून होतो आणि मग 'तुम्हांला यातून काय मिळाले?' असे विचारले जाते. ज्याने त्याने मनातलेच सांगायचे म्हटल्यावर वाद मिटणार कसा? त्याला पुस्तकाचा आधारच उरत नाही. पहिल्या चाळीस मिनिटांत उतारा दोन जणांनी दोन वेगळ्या भाषांतरांतून वाचावा, मग प्रत्येकाने किमान तीन गोष्टी दाखवाव्यात : पुन्हा पुन्हा येणारा शब्द, 'म्हणून', 'कारण', 'परंतु' असे जोडणारे शब्द, आणि कोण कोणाशी बोलत आहे. मराठी बायबलमध्ये 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक नीट राखलेला असतो, त्याचा फायदा घ्या. लूक 22:31-32 मध्ये सैतानाने 'तुम्हांला' चाळायला मागितले, म्हणजे सर्व शिष्यांना. पण प्रभूने प्रार्थना केली ती 'तुझ्यासाठी', म्हणजे एकट्या पेत्रासाठी. यिर्मया 29:11 मधला शब्दही अनेकवचनी आहे.

उतारा कुठून कुठपर्यंत घ्यायचा, इथेही चूक होते. अध्यायांचे आकडे मूळ लेखकांचे नाहीत. आज छापले जातात ते अध्याय तेराव्या शतकात स्टीफन लँगटन यांनी पाडले असे मानले जाते, आणि नव्या कराराचे वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने 1551 मध्ये घातले. शोधायला ते सोयीचे आहेत, पण विचार कुठे संपतो हे त्यांना विचारू नका. यशया 53 चे दुःख सोसणाऱ्या सेवकाचे गीत वास्तविक 52:13 पासून सुरू होते. 1 करिंथकरांस 11:1 हे दहाव्या अध्यायाचे शेवटचे वाक्य आहे. परिच्छेदांवरची जाड अक्षरातली शीर्षकेही प्रकाशकांची असतात. वाचताना ती वगळा.

आता लिखाणाचा प्रकार. इथे सर्वांत जास्त घसरगुंडी होते, म्हणून थोडे सविस्तर.

'तुझा आरंभ अल्प असला तरी तुझा शेवट फार मोठा होईल,' अशा अर्थाचे ईयोब 8:7 नव्या घराच्या, नव्या दुकानाच्या प्रार्थनेत मोठ्या हौसेने वापरतात. ते कोण बोलले आहे पाहा : ईयोबाच्या तिघा मित्रांपैकी एक, बिल्दद. 'तू जो बेत करशील तो सिद्धीस जाईल' या अर्थाचे ईयोब 22:28 'मोठ्याने घोषणा करा आणि ती मिळवा' या शिकवणीत सारखे येते. ते दुसऱ्या मित्राचे, अलीफजाचे बोलणे आहे. आणि पुस्तकाच्या अखेरीस, 42:7 मध्ये, देव अलीफजाला सांगतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा कोप झाला आहे, कारण माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाही. ज्या भाषणावर देवाने स्वतः ठपका ठेवला ते आपण अभिवचन म्हणून पाठ करतो! मित्रांचे प्रत्येक वाक्य खोटे आहे असे नाही. पौल 1 करिंथकरांस 3:19 मध्ये अलीफजाचे एक वाक्य घेतोही. पण बोलणारा कोण हे पाहिल्याशिवाय ईयोबातले एकही वाक्य उचलू नये. हाच नियम शुभवर्तमानांत परुशांच्या आणि प्रेषितांच्या कृत्यांत जमावाच्या बोलण्याला लावा.

नीतिसूत्रे ही हमीपत्रे नव्हेत. 26:4 म्हणते मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच 26:5 म्हणते दे. संपादकाची डुलकी नव्हे ही. कोणते सूत्र कुठे लावायचे हे ओळखण्याचे शहाणपण वाचणाऱ्याकडून अपेक्षित आहे. म्हणून 'मुलाला योग्य वळण लाव, म्हातारपणीही तो ते सोडणार नाही' या अर्थाचे 22:6 घेऊन, मुलगा बिघडलेल्या आईला दोषी ठरवणे हा शास्त्राचा गैरवापर आहे. तुमच्या गटात अशी एखादी आई असेलच. तिच्यासमोर हे जरूर सांगा.

कथेत घडले ते सगळे अनुकरणासाठी नसते. गिदोनाने लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली (शास्ते 6:36-40), म्हणून आपणही लग्न ठरवताना खुणा मागाव्यात, असे शिकवले जाते. पण त्याच अध्यायात 14 आणि 16 या वचनांत देवाने त्याला जा म्हणून आधीच सांगितले होते. लोकर ही त्याच्या डळमळत्या विश्वासाची गोष्ट आहे, आणि ती देवाने सोसून घेतली. कथा वाचताना विचारा : लेखक हे नुसते सांगतो आहे की करायला सांगतो आहे?

दाखल्यांत प्रत्येक वस्तूला गुप्त अर्थ चिकटवण्याची सवय जुनी आहे. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनसारख्या थोर शिक्षकानेही चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणूस म्हणजे आदाम, उतारशाळा म्हणजे मंडळी आणि उतारशाळेचा रखवालदार म्हणजे पौल, असे अर्थ लावले. लूक 10:29 मध्ये मात्र प्रश्न साधा आहे, 'माझा शेजारी कोण?' आणि 10:36-37 मध्ये प्रभूने त्याचे उत्तर विचारणाऱ्याच्याच तोंडून काढून घेतले आहे. दाखल्याच्या आधीचा प्रश्न आणि नंतरचे वाक्य धरून ठेवले की गाडी रुळावर राहते.

नियमशास्त्राबाबत थोडक्यात : लेवीय 19:18 मध्ये शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आहे आणि पुढच्याच वचनात दोन जातींच्या सुताचे वस्त्र घालू नये अशी. कोणती पाळायची हे आवडीवर सोडू नका. ही आज्ञा इस्राएलात कशासाठी होती, आणि प्रभू येशू व प्रेषित तिचे काय करतात, हे पाहा. पहिली मार्क 12:31 मध्ये पुन्हा दिली आहे; अर्पणांच्या विधींबद्दल इब्री लोकांस पत्राचे 8 ते 10 अध्याय वाचा. प्रकटीकरणाला मात्र एवढ्यात हात घालू नका. जुना करार पुरेसा वाचून झाल्यावाचून त्यातली चिन्हे उलगडत नाहीत, आणि मधल्या काळात गट वर्तमानपत्रातल्या बातम्या त्यात बसवू लागतो.

पार्श्वभूमीची माहिती उपयोगी असते, पण ती तपासून घ्यावी. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, या वचनाविषयी अनेक उपदेशांत ऐकू येते की यरुशलेमला 'सुईचे नाक' नावाचा एक लहान दरवाजा होता आणि उंट गुडघे टेकून त्यातून जाई. प्रभूच्या काळी असा दरवाजा असल्याचा काहीही पुरावा नाही; हे स्पष्टीकरण कित्येक शतकांनंतरचे आहे. शिवाय त्याने उताऱ्याचा मुद्दाच मोडतो. मार्क 10:27 मध्ये प्रभू म्हणतो की हे माणसांना अशक्य आहे. गुडघे टेकून जमण्याजोगे असते तर अशक्य कशाला म्हटले असते? हीच सावधगिरी 'मूळ ग्रीकमध्ये' अशी सुरुवात करणाऱ्या वाक्यांबाबत ठेवा. 'अगापे' म्हणजे फक्त दैवी, निःस्वार्थ प्रीती असे ठासून सांगतात. पण पौलाला सोडून गेलेला साथीदार देमास याने 'या जगावर प्रीती केली' असे 2 तीमथ्य 4:10 मध्ये येते, तिथेही त्याच शब्दाचे क्रियापद आहे. शब्दाचा अर्थ त्या वाक्यात ठरतो, आणि तेवढे मराठीतूनही बहुतेक वेळा दिसते.

साधनांचे म्हणाल तर फार खर्च नको. बायबल सोसायटीचे 'पवित्र शास्त्र' सगळ्यांकडे असेलच. जोडीला एक वेगळ्या वळणाचे भाषांतर घ्या. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायकांना कळावे म्हणून साध्या मराठीत भाषांतर केले. 1922 मध्ये निधन होईपर्यंत त्या त्यावर काम करत होत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' ओघवते आहे. कॅथलिक आवृत्तीत 66 ऐवजी 73 पुस्तके दिसली तर गोंधळू नका. जास्तीची पुस्तके जुन्या करारातली आहेत, नवा करार 27 पुस्तकांचाच. दोन भाषांतरांत फरक दिसला की तिथे खूण करा : मूळ वाक्य अवघड असल्याची ती सूचना असते, आणि त्या एका वाक्यावर शिकवण उभारायची नाही. मार्क 16:9-20 आणि योहान 7:53 ते 8:11 हे भाग सर्वांत जुन्या प्रमुख हस्तलिखितांत नाहीत, म्हणून काही आवृत्त्यांत ते कंसात किंवा तळटिपेसह येतात. यामुळे विश्वासाचा कोणताही मुख्य सिद्धांत हलत नाही. पण साप हाती धरण्याची शिकवण कोणी मार्क 16:18 वरून देऊ लागला तर हे माहीत असलेले बरे.

मोबाईलवरच्या बायबल ॲपमध्ये शब्द शोधता येतो. मराठीत शब्दाचे रूप बदलते, म्हणून दोनदा शोधा : 'आत्मा' असे एकदा आणि 'आत्म्या' असे पुन्हा, नाहीतर 'आत्म्याने', 'आत्म्याला' हे सगळे निसटते. मिळालेली वचने आधी त्याच पुस्तकातली पाहा, मग त्याच लेखकाची, मग बाकी बायबलातली. टीकाग्रंथ, म्हणजे बायबलचा अर्थ उलगडून सांगणारे पुस्तक, असेल तर तो शेवटी उघडा. आधी उघडला की डोळे उताऱ्यावर राहत नाहीत. न उघडताच निकाल दिला तर दोन हजार वर्षांत इतरांनी जे पाहिले ते वाया जाते. आपल्याला सुचलेला अर्थ आजवर कोणालाच सुचला नसेल तर तो बहुधा चुकीचा असतो.

सभेत पाळायच्या दोन-तीन गोष्टी. वाचन आणि प्रश्न विचारणे दर आठवड्याला दुसऱ्याकडे द्या, म्हणजे गुरुजींचे व्याख्यान होणार नाही आणि गप्प बसणाऱ्या बायका बोलू लागतील. उताऱ्याबाहेरचे वचन पहिल्या चाळीस मिनिटांत कोणी काढायचे नाही. जे सुटत नाही ते वहीत 'पाळकसाहेबांना विचारणे' म्हणून लिहा आणि महिन्यातून एकदा ती पाने त्यांच्याकडे न्या; त्यांनाही आवडेल, आणि गट मंडळीपासून सुटा पडणार नाही. तारणासारख्या गाभ्याच्या गोष्टी आणि बाप्तिस्म्याची पद्धत किंवा डोक्यावर पदर घेणे यांसारखे मंडळ्यांमंडळ्यांतले मतभेद एका तागडीत तोलू नका. दुसऱ्या प्रकारच्या मतभेदावरून कोणी सभा सोडून जाण्याचे कारण नाही. ज्या दोघी येत नाहीत त्यांच्याकडे तुम्ही स्वतः जा. गुरुजींनाही बरोबर न्या, पण तिथे यिर्मया काढू नका.

सुरुवात फिलिप्पैकरांस पत्रापासून करा. चार अध्याय, 104 वचने. सहा गुरुवार पुरतात. दुसऱ्या गुरुवारी 1:1-26, तिसऱ्या गुरुवारी 1:27 ते 2:18, मग 2:19 ते 3:1, मग 3:2 ते 4:1, आणि सहाव्या गुरुवारी उरलेले. तिथे 4:13 येईल, 'मला शक्ती देणाऱ्याच्या द्वारे मी सर्वकाही करू शकतो' या अर्थाचे, जे परीक्षेच्या दिवसांत भिंतीभिंतींवर लागते. तोवर तुमच्या गटाला 4:11-12 वाचल्याशिवाय पुढे जायचे नाही हे कळलेले असेल. तुरुंगातला पौल तिथे सांगतो की भरल्या ताटाने आणि रिकाम्या पोटाने, दोन्ही स्थितींत राहायला मी शिकलो आहे. 'सर्वकाही' म्हणजे हे. तुमच्या घरात आज जे चालले आहे त्याच्याशी हा उतारा कार्डावरच्या वचनापेक्षाही जवळून बोलतो, असे आमचे मत आहे. मुलालाही त्या सभेला बसवा.

पहिल्या गुरुवारी मात्र चर्चा अजिबात ठेवू नका. सबंध पत्र एकाच बैठकीत, एकाच आवाजात, आकडे आणि शीर्षके न उच्चारता वाचून काढा. पंधरा-वीस मिनिटे लागतील. मग पाच मिनिटे थांबून दुसऱ्या आवाजात पुन्हा वाचा.